टायमिंग चुकले तेव्हा

पावसाळ्यात पैनगंगेला पाणी आले आणि सहस्रकुंडचा धबधबा भरून कोसळू लागला, की आमच्या इस्लापूरच्या रस्त्याला गाड्यांची वर्दळ वाढते. नांदेडकडून, यवतमाळकडून, पलीकडे आदिलाबादकडून माणसे येतात. त्यातल्या एखाद्या गाडीला वाटेत काहीतरी होते आणि ती माझ्या दुकानापुढे येऊन उभी राहते. गेल्या पावसाळ्यात अशीच एक पांढरी अॅम्बेसेडर आली. पेट्रोलवर चालणारी, जुनी. हिंदुस्थान मोटर्सच्या पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात अॅम्बेसेडर बनायची बंद झाली ती २०१४ साली. त्यामुळे आता ही गाडी दिसली की म्हातारी माणसेसुद्धा थांबून बघतात.

गाडीतून पंचविशीतला एक मुलगा उतरला. गाडी त्याच्या आजोबांची. आजोबा गेले, गाडी विकायला मन होईना, म्हणून पोराने ती पुन्हा रस्त्यावर आणलेली. म्हणाला, "काका, जयभीम. चढ आला की गाडी दमच धरत नाही, अन् लई तापायली. रेडिएटर साफ केला, कॉईल नवी टाकली, कार्ब्युरेटरचं किट बदललं. पगारातले पैसे गेले, फरक काहीच नाही."

मी बॉनेट उघडायला गेलो आणि माझा हात तसाच थांबला. "चढाला दम धरत नाही अन् तापायली" हे शब्द मी १९८९ साली ऐकले होते. त्याच दुकानात, तशाच गाडीपुढे उभे राहून. त्या दिवशी मी जे केले त्याची किंमत माझ्या बहिणीने भरली.

वाचक बंधू-भगिनींनो, ही गोष्ट मी आजवर कुठे बोललो नव्हतो. आज लिहितो आहे.

तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. बाबांचे दुकान म्हणजे लिंबाच्या झाडाखाली चार पत्रे, एक लाकडी पेटी आणि तेलाने काळी झालेली जमीन. बाबा शाळेत फारसे गेले नव्हते. ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, तिथून मेकॅनिक झाले. दुकानाची वही ताई लिहायची. कोणाचे किती काम झाले, कोणाकडे किती बाकी, सामान कितीचे आले, सगळे तिच्या सुवाच्य अक्षरात. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बारावी पास झाली होती आणि नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाल्याचे पत्र आले होते. फी आणि राहण्याचा पहिला खर्च म्हणून बाबांनी पत्र्याच्या डब्यात २,२०० रुपये जमवले होते. आईने त्यात स्वतःच्या मजुरीचे पैसे घातले होते.

शेजारच्या गावातले एक काका जुनी अॅम्बेसेडर भाड्याने चालवायचे. लग्नाची वऱ्हाडे, आजारी माणसे, बाळंतिणी सगळे त्याच गाडीने जायचे. काकांचे घर त्या गाडीवर चाले. त्या दिवशी बाबा सामान आणायला भोकरला गेले होते. काका आले आणि म्हणाले, "चढाला दम धरत नाही, तापायली. बाबाला येऊ दे, मी थांबतो."

मी म्हणालो, "काका, थांबायची काय गरज? मी बघतो की."

मी डेल्कोचा बोल्ट सैल केला. प्लगला पाळीपाळीने करंट वाटून देणाऱ्या त्या गोल डब्याला पुस्तकात डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला डेल्को म्हणतात. इंजिन चालू ठेवून मी तो हाताने फिरवत गेलो. फिरवावा तसा आवाज मोकळा होत गेला, इंजिन जलद फिरू लागले. आवाज सगळ्यात गोड वाटला तिथे मी बोल्ट आवळला. काका खूश झाले. मीही खूश झालो.

निघताना काकांनी सेल्फ मारला तेव्हा तो अडखळला. फिरता फिरता मागे ढकलल्यासारखा झटका बसला, मग इंजिन चालू झाले. मी म्हणालो, "बॅटरी उतरली असेल." इंजिनाने मला माझी चूक तेव्हाच सांगितली होती, पण ऐकून घ्यायला मी तयार नव्हतो.

तीन दिवसांनी काकांची गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून आली. पाच माणसे घेऊन ते माहूरकडे सोयरिकीला गेले होते. चढावर इंजिनातून टकटक आवाज येत होता. काकांना वाटले टॅपेट वाजत असतील. शेवटी हेड गॅस्केट फुटले आणि एका पिस्टनची कड जळाली.

बाबांनी हेड उतरवले, जळका पिस्टन हातात घेऊन बराच वेळ बघितला, आणि डेल्कोकडे बघून मला एवढेच विचारले, "कितीला बांधलास?" मला सांगता आले नाही. कारण मी मोजलेच नव्हते.

काकांकडून बाबांनी एक पैसा घेतला नाही. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, नांदेडला नेऊन हेड घासून घेण्याचा खर्च, सगळे पत्र्याच्या डब्यातून गेले. त्या रात्री बाबा ताईला म्हणाले, "यंदा जमत नाही बाई, पुढल्या साली बघू." ताईने का म्हणून विचारले नाही. ते वर्ष तिने लोकांच्या रानात कापूस वेचून काढले.

आता इंजिनात नेमके काय झाले होते ते सांगतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटते. ते फटाक्यासारखे एका क्षणात पेटत नाही. जाळ पसरायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या जरासे आधी ठिणगी पडावी लागते, म्हणजे पिस्टन खाली निघताना पूर्ण जोर त्याच्या डोक्यावर बसतो. हा जो आधीचा हिशेब, तेच टायमिंग. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्यातली प्रत्येक आपल्या वेळेवर पडली पाहिजे.

ठिणगी उशिरा पडली तर पिस्टन खाली पळत असतो आणि जाळ त्याच्या मागे धावतो. जोर वाया जातो आणि उष्णता इंजिनात व सायलेन्सरमध्ये जाते. गाडी चढाला दम धरत नाही, तापते, पेट्रोल जास्त खाते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन वर येत असतानाच जाळ त्याला खाली ढकलतो. मग लोड आला की इंजिन टकटक ठोकते, गरम असताना सेल्फ अडखळतो, आणि ठोकत ठोकत तसेच चालवले तर गॅस्केट आणि पिस्टन जातात. हँडल मारून गाडी चालू करायच्या दिवसांत अशा इंजिनाने उलटा झटका देऊन अनेकांचे मनगट मोडले आहे. म्हणून जुने ड्रायव्हर हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला सांगत.

याच झटक्याशी त्या डेल्को नावाचा संबंध आहे. डेल्को हे अमेरिकेतल्या कंपनीचे नाव. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने १९१० च्या सुमारास बॅटरी, कॉईल आणि पॉइंट यांची ठिणगी देणारी व्यवस्था मोटारीसाठी तयार केली. त्याच केटरिंगचा सेल्फ स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि हँडल मारण्याची गरज संपत गेली. कंपनीचे नाव मात्र आमच्या लिंबाखाली येऊन त्या डब्याचेच नाव झाले.

काकांच्या गाडीचे टायमिंग मुळात उशिरावर गेले होते. म्हणजे माझी दिशा बरोबर होती. पण ते का गेले, हे मी बघितलेच नाही. डेल्कोच्या आत सीबी पॉइंट असतात. ते उघडले की ठिणगी पडते. फिरत्या दांड्यावर घासणारी पॉइंटची टाच झिजते. टाच झिजली की पॉइंटमधली फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, आणि कोणीही हात न लावता टायमिंग मागे जाते. काकांच्या गाडीची फट जवळपास मिटली होती. ती आधी नीट करायला हवी होती. ते सोडून मी डेल्कोच फिरवला, आणि तोही हवा त्याच्या कितीतरी पुढे. इंजिन रिकामे चालत असताना टायमिंग पुढे ओढत गेले की आवाज मोकळाच होत जातो. योग्य जागा ओलांडून गेली तरी कान खूशच असतो. चुकीचा हिशेब लागतो तो चढावर, पाच माणसे बसल्यावर.

बाबांनी मला मारले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठवले आणि काकांच्याच गाडीपुढे उभे केले. म्हणाले, "कानानं दुखणं कळतं. औषध किती द्यायचं ते कानानं कळत नाही. त्याला मोजावं लागतंय." मग त्यांनी जी तपासणी शिकवली तीच मी आजही करतो. घरी जुनी पेट्रोल गाडी असेल त्या वाचकांसाठी ती क्रमाने लिहितो.

पहिली गोष्ट, टायमिंगवर आळ घ्यायच्या आधी बाकीचे निर्दोष आहेत का ते बघायचे. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बघा. जड जात असेल तर ब्रेक जाम आहेत, इंजिन बिचारे निष्पाप आहे. रेडिएटरमध्ये पाणी पूर्ण आहे का, पंख्याचा पट्टा सैल नाही ना, हे बघा. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेले असेल किंवा सिलिंडरच्या डोक्यात कार्बन साचला असेल, तर टायमिंग बरोबर असूनही इंजिन ठोकते.

दुसरी गोष्ट, पॉइंट. डेल्कोची टोपी काढून पॉइंटचे तोंड बघा. जळून खड्डे पडले असतील तर पॉइंट बदला आणि कंडेन्सरही बदला, कारण कंडेन्सर खराब असला की नवे पॉइंटही लवकर जळतात. इंजिन हळूहळू फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील तिथे थांबा आणि फिलर गेजने फट मोजा. अॅम्बेसेडरला १५ थाऊचे पान, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर. प्लगला २५ थाऊ. फट नेहमी आधी आणि टायमिंग नंतर. कारण फट बदलली की टायमिंग बदलतेच. हा क्रम उलटा केला तर पहिली मेहनत वाया जाते.

तिसरी गोष्ट, बल्ब. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि हँडलने इंजिन फिरवा. अंगठा बाहेर ढकलला गेला की समजा पिस्टन दाब घेऊन वर येतो आहे. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. एकदा दाब घेऊन, एकदा धूर बाहेर टाकायला. आपल्याला दाबाचीच फेरी पाहिजे. आता पुढच्या पुलीवरची खूण बघा. अॅम्बेसेडरच्या पेट्रोल इंजिनाला पिस्टन वर पोचण्याच्या साधारण ४ ते ५ अंश आधी ठिणगी लागते. आपल्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. खूण त्या जागी आणून थांबा. १२ व्होल्टच्या छोट्या बल्बची एक वायर डेल्कोच्या बारीक वायरच्या टोकाला लावा आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. चावी चालू करा. पॉइंट मिटलेले असतील तर करंट त्यांच्यातूनच जमिनीला जातो आणि बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. डेल्को हळूच फिरवत जा. बल्ब ज्या क्षणी पेटेल तीच ठिणगीची जागा. तिथे बोल्ट आवळा, हँडल दोन फेरे फिरवून पुन्हा एकदा खात्री करा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट डब्बा फिरवला की टायमिंग पुढे जाते, त्याच दिशेने फिरवला की मागे. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२ आहे, तोही एकदा बघून घ्या. दोन वायरी अदलाबदल झाल्या तरी गाडी अडखळते आणि दोष टायमिंगला मिळतो.

चौथी गोष्ट अशी, की एका वेळी एकच बदल करायचा. बदल केला की गाडी चढावर नेऊन बघायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी नीट झाली, तर कशाने झाली ते कळत नाही. आणि नाही झाली, तर कोणती बिघडवली तेही कळत नाही.

एवढे शिकवून बाबांनी तो बल्ब माझ्या हातात दिला. काकांच्या इंजिनाचे टायमिंग मी स्वतः बांधले, बाबा शेजारी नुसते उभे राहिले. ती गाडी पुढे अनेक वर्षे चालली.

आता पुन्हा त्या मुलाच्या गाडीकडे येतो. मी त्याला म्हणालो, "बस बाळा, घाई नाही. आज आपण काही बदलायचं नाही, नुसतं बघायचं." ब्रेक मोकळे होते. पाणी पूर्ण होते. पॉइंट नवे, फट बरोबर १५. बल्ब लावला, तर तो अगदी खुणेवर पेटला. मुलगा हिरमुसला. म्हणाला, "म्हणजे टायमिंगपण बरोबरच आहे."

मी म्हणालो, "उभ्या इंजिनाचं बरोबर आहे. पळणाऱ्याचं अजून बघितलं नाही."

कारण इंजिनाचा वेग वाढला की पिस्टन जास्त जोरात पळतो, पण जाळ पसरायला लागणारा वेळ काही त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडावी लागते. हे काम डेल्कोच्या पोटात दोन छोटी वजने आणि दोन स्प्रिंगा करतात. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकवतात. शिवाय बाजूला एक रबरी पडद्याची डबी असते. ती इंजिनाच्या ओढीने, हलक्या लोडवर, आणखी थोडे पुढे नेते. त्या डबीची नळी तोंडात धरून मी ओढली. आतली प्लेट हलली आणि जीभ लावल्यावर तशीच टिकून राहिली. म्हणजे पडदा शाबूत. मग मी रोटर धरून त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळला. चांगल्या डेल्कोमध्ये तो थोडासा फिरतो आणि सोडला की स्प्रिंगने टपकन परत येतो. हा जागचा हललाच नाही.

गाडी बरीच वर्षे आजोबांच्या अंगणात उभी होती. वजनांवरचे ग्रीस वाळून दगड झाले होते आणि खाली गंज चढला होता. इंजिन कितीही पळाले तरी टायमिंग त्या ४-५ अंशांवरच अडकून राहत होते. म्हणून रिकामे चालताना गाडी गुळगुळीत आणि चढाला गळाठलेली. रेडिएटर, कॉईल, कार्ब्युरेटर या तिघांचा काही गुन्हा नव्हता.

प्लेट काढली, वजने रॉकेलने धुतली, गंज हळुवार घासला, तेलाचे दोन थेंब दिले. रोटर टपकन परत येऊ लागला. टायमिंग गन लावून, डबीची नळी काढून वेग वाढवला, तर पुलीवरची खूण नीट पुढे सरकताना दिसली. मुलाला शेजारी बसवून चढावर गेलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वर चढली आणि काटा मधल्यामध्ये राहिला. सामानाचा खर्च जवळजवळ काहीच नव्हता. मुलगा म्हणाला, "काका, एवढंच होतं?" मी म्हणालो, "एवढंच होतं. पण ते कुठं आहे ते बघायला दोन तास लागले, त्याचे पैसे घेतो." तो हसला आणि त्याने दिले.

त्या रात्री मला झोप येईना. बाबांना जाऊन बरीच वर्षे झाली. ताई आज एका सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. तिच्या आधीच्या वर्षी नोकरीला लागलेल्यांची बढती तिच्या आधी झाली, हे तिने एकदा सहज बोलून दाखवले होते. तेव्हा मी मान खाली घातली होती. बाबांनी मला सांगितले होते, "तिला सांगू नको. तुझा राग येईल, अन् रागानं वर्ष काही परत येत नाही." ते मी छत्तीस वर्षे पाळले. त्या रात्री मात्र फोन लावला आणि सगळे सांगून टाकले. काकांची गाडी, डेल्को, डबा, २,२०० रुपये.

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे वेड्या, पिस्टनचं अन् गॅस्केटचं बिल वहीत कुणी लिहिलं होतं? मीच ना? काकांच्या नावापुढं जमा काहीच नाही, तेव्हाच मला कळलं होतं."

मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस?"

"तू दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक काम मोजून करायला लागलास. मी खिडकीतून बघायची. अजून काय बोलायचं होतं?" मग तिच्या नेहमीच्या ड्युटीवरच्या आवाजात तिने विचारले, "त्या पोराची गाडी नीट झाली का पण? चढावर नेऊन बघितलीस ना?"

मी म्हणालो, "हो ताई, बघितली."

बाबांचा तो बल्ब केव्हाच फुटला. वायर आणि होल्डर मात्र तेच आहेत. दुकानात खिळ्याला टांगलेले असतात. शिकायला येणाऱ्या पोरांच्या हातात मी पाना नंतर देतो, आधी ते देतो.